नवव्या टेकमधली कुजबुज

मालगुजार भुताच्या पायाशी गुडघ्यांवर बसला. त्याने हात जोडले. डोळ्यांत खरं पाणी आणलं. मग तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत पोचेल अशा आवाजात तो म्हणाला, "जनार्दन, हळू बोल! साउंडवाले तापून राहिले!"

हे वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गर्दी म्हणून बसवलेलं अख्खं गाव हसलं. कॅमेरामन हसला. भूतही हसलं. फक्त दिग्दर्शक केतकी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी "कट"सुद्धा म्हटलं नाही, नुसते डोळे मिटले. नववा टेक वाया गेला.

जनार्दन हे मालगुजाराचं काम करणाऱ्या नटाचं खरं नाव. तापलेला साउंडवाला मी.

माझं काम सिंक साउंडचं. म्हणजे कॅमेरा चालू असताना नट जे बोलतात ते तिथल्या तिथे रेकॉर्ड करायचं. नंतर स्टुडिओत डबिंग नाही. मी भंडाऱ्यात राहतो, पण आजवर काम सगळं बाहेरगावचं मिळालं. कोंढ्याजवळच्या या तलावावरचं शूटिंग हे माझं पहिलंच काम, जिथून रोज मोटारसायकलने घरी येता येत होतं. सकाळी निघताना बायको म्हणायची, "भुताकडून येताना दूध आणा."

चित्रपट म्हणजे एका जुन्या, खूप गाजलेल्या भयपटाचा रिमेक. करारात नाव लिहायची मनाई आहे म्हणून लिहीत नाही. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना कळेलच. गावातला बडा माणूस एका बाईला पाण्यात ढकलून मारतो आणि पाय घसरून पडली असं सांगतो. ती परत येते आणि सूड घेते. त्या काळात या चित्रपटावर मोठा गदारोळ झाला होता, आणि तो भुतामुळे नव्हता. शेवटी तिला कोणी मंत्रबिंत्र म्हणून शांत करत नाही. सूड घेऊन ती गावातच राहते. हे पुष्कळांना झेपलं नाही. आमच्याकडच्या एका टॉकीजमध्ये लोकांनी पडदा फाडला होता असं माझे वडील सांगत. आई सांगायची की फाटलेला पडदा शिवला आणि दुसऱ्या दिवशी बायकांचा खास खेळ हाउसफुल्ल झाला.

केतकी मॅडम पुण्याच्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर. त्यांनी कथा आमच्या भागात आणली. जुन्या चित्रपटातल्या विहिरीच्या जागी मालगुजारी तलाव आला. पूर्वीच्या मालगुजारांनी, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, बांधलेले असे तलाव आमच्याकडे गावोगाव आहेत, आणि धान त्यांच्यावरच पिकतं. तलावातून शेतांना पाणी सोडायची जी दगडी बांधणीची जागा असते तिला तुडूम म्हणतात. मॅडमच्या कथेतली बाई मालगुजाराला न जुमानता तुडूम उघडते आणि खालच्या शेतांना पाणी देते. म्हणून तो तिला ढकलतो. दुसरा बदल त्यांनी असा केला की जुन्या चित्रपटात भूत रात्री यायचं, इथे ते दुपारी येतं, लख्ख उन्हात, सगळ्या गावासमोर. तिसरा बदल म्हणजे त्यांचं भूत बोलत नाही. ते फक्त बघतं, आणि मालगुजार आपण होऊन गुन्हा कबूल करतो.

हा कबुलीचा सीन म्हणजे चित्रपटाचा कणा. तोच आम्ही सकाळपासून घेत होतो.

मालगुजाराच्या कामाला मॅडमनी मुंबईचा नट घेतला नाही. त्यांनी जनार्दनभाऊंना घेतलं. झाडीपट्टीच्या नाटकांत, म्हणजे दिवाळीनंतर आमच्या चार जिल्ह्यांत गावोगाव रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, जनार्दनभाऊ तीस वर्षं खलनायक करतात. बायका बाजारात त्यांच्या नावाने बोटं मोडतात. गडी उंच, मिशा स्वतःच्या, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला कळत नाही.

माझी पहिली अडचण हा आवाजच होती. आमच्या यंत्रावर शून्य ही शेवटची पातळी. त्याच्यावर आवाज गेला की फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. साधं बोलणं मी उणे वीसच्या आसपास ठेवतो. जनार्दनभाऊंनी पहिल्या दिवशी नुसतं "राम राम" म्हटलं आणि काटा शून्याला टेकला. बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, तो धरणारा माझा सहकारी रुपेश. तो इथून लांबच्या वरठी गावचा. त्याने काठी दोन हात मागे घेतली आणि म्हणाला, "दादा, मी वरठीहून धरू का? तिथूनही येईल."

मी जनार्दनभाऊंना समजावलं, "भाऊ, इथे समोर तीन हजार माणसं नाहीत. एकच माइक आहे आणि तो तुमच्या डोक्यावर आहे."

"हाव जी, समजलं," ते ओरडले.

दुसरी अडचण गाव. तक्रार नाही, लोक फार चांगले होते. पण गर्दीला गप्प बसवणं हे धान कापणीच्या दिवसांत सोपं नसतं. एकाचा थ्रेशर चालू, दुसऱ्याचा ट्रॅक्टर यायचा. शिवाय रूम टोन. सीन संपला की त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करावी लागते. पुढे संवाद कापून जोडताना मधल्या फटी त्या शांततेने भरतात. पहिल्या दिवशी मी लोकांना सांगितलं, "एक मिनिट कोणीही हलायचं नाही, बोलायचं नाही." सगळे उठून उभे राहिले, माना खाली घातल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. मिनिट झाल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "कोन वारलं जी?"

असो. नवव्या टेकची गोष्ट सांगत होतो.

पहिल्या आठ टेकमध्ये मला हेडफोनवर एक कुजबुज ऐकू येत होती. जागेवर उभ्या माणसाला ती कळत नव्हती. माइकला कळते. मी दर वेळी हात वर करायचो, दर वेळी "साउंड खराब" म्हणायचो आणि गर्दीतल्या बायकांवर संशय घ्यायचो. एका मावशीला तर दोनदा उठवून मागे बसवलं. त्या म्हणाल्या, "मी त तोंडात पानी धरून बसली हावो."

नवव्या टेकनंतर शोधायची गरज उरली नाही. तुडुमाच्या बाजूला बेशरमाची दाट झुडपं आहेत. त्यांतून एक बारीकसा, चष्मा लावलेला माणूस हातात स्क्रिप्ट घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "माफ करा जी. ते वाक्य माह्या तोंडून निघालं."

हे देवाजी. जनार्दनभाऊंचे प्रॉम्प्टर.

इथे थोडं समजावून सांगतो. झाडीपट्टीत नट आज एका नाटकात राजा असतो, उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या नाटकात पोलीस. तालमीला वेळ नसतो. म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि पूर्ण नाटक वाचतो. विसरलेलं वाक्य सुचवायला नाही, प्रत्येक वाक्य. त्याने हळू म्हणायचं, नटाने ते उचलून मोठ्याने म्हणायचं. प्रेक्षकाला फक्त नट ऐकू येतो. जनार्दनभाऊ आणि देवाजी तीस वर्षं असंच बोलत आले. मी आवाजावरून चिडलो आहे हे देवाजींना दिसलं, म्हणून त्यांनी भाऊंना सावध केलं. भाऊंच्या कानात वाक्य आलं. भाऊंनी ते पूर्ण भावनेसह म्हटलं.

प्रॉडक्शनचा निखिल धावत आला. शूटिंग वेळेत आटपवणं हे त्याचं काम. तो मुंबईचा, वाईट माणूस नाही, पण त्याला घड्याळाशिवाय काही दिसत नाही.

"यांना कोणी आणलं सेटवर?"

"मी आनलं," जनार्दनभाऊ म्हणाले. "आपला मानूस हाये."

"तुम्हाला डायलॉग पाठ नाहीत?"

हे ऐकून भाऊ दुखावले. "पाठ नाई? कोठूनही इचारा."

केतकी मॅडमनी मधूनच एक वाक्य विचारलं. भाऊंनी तिथून सुरुवात करून शेवटपर्यंत सगळं म्हटलं. एक शब्द चुकला नाही. मग कंसातल्या सूचनाही म्हटल्या, म्हणजे सीनमध्ये "शांतता" आणि "वारा सुटतो" जिथे लिहिलं होतं तेही.

"मग यांची गरज काय?" निखिल म्हणाला. देवाजींना मागे चहाच्या टपरीवर पाठवण्यात आलं.

दहावा टेक. "ॲक्शन." भूत पाण्यात उभं. मालगुजार गुडघ्यांवर. हात जोडलेले. डोळ्यांत पाणी.

आणि काही नाही.

आम्ही वाट पाहत राहिलो. माझ्या हेडफोनवर तलावातली बदकं येत होती. अखेर भाऊ मान वळवून मॅडमना म्हणाले, "कवा बोलू?"

अकरावा टेकही तसाच. बाराव्यात ते बोलले, पण पाढे म्हटल्यासारखे. मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, शब्द हायेत माह्यापाशी. पन त्यायनं म्हनल्याबिगर माहं तोंड उघडत नाई. तो बोलते तवा मले समजते का आता माही पाळी आली. तीस वर्षांची सवय हाये. कोनी आधी बोललं नाई तं मी कोनाले उत्तर देऊ?"

निखिलने मला आणि मॅडमना एकीकडे बोलावलं. "सरळ सांगतो. आज संध्याकाळपर्यंत सीन झाला नाही तर उद्या मी नागपूरहून दुसरा नट आणतो. मी फोन करून ठेवलाय."

हे भाऊंच्या कानावर गेलं. इतक्या मोठ्याने बोलणाऱ्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा उणे चाळीसवर गेलेला पाहिला. ते मला म्हणाले, "साउंडभाऊ, तुमाले मालूम हाये. सीझन सोडून आलो मी. कंपन्यांनी माह्या जागी दुसरे घेतले. पोस्टरवरून नाव गेलं. आता इथूनही काढलं तं गावागावात सांगतीन का जनार्दनले पिक्चर जमला नाई. खलनायकाले लोक शिव्या देतेत तं चालते. हसले तं संपला तो."

ते खरं होतं. पाळीवर बसलेली निम्मी माणसं त्यांची नाटकं पाहत मोठी झालेली. आणि नवव्या टेकला ती हसली होती.

मी म्हटलं, "एक उपाय करून पाहू."

माझ्याकडे वाटाण्याएवढा इअरपीस असतो. तो कानाच्या आत बसतो, कॅमेऱ्याला दिसत नाही. देवाजींना लांब व्हॅनमध्ये बसवून हातात माइक द्यायचा, त्यांनी तिथून वाचायचं, भाऊंना कानात ऐकू येईल. कुजबुज सेटवर नसेल, म्हणजे माझ्या रेकॉर्डिंगमध्येही नसेल. कागदावर उपाय उत्तम होता.

"ॲक्शन" झालं. देवाजींनी व्हॅनमधून पहिलं वाक्य म्हटलं. भाऊ दचकून उभे राहिले.

"हा डोस्क्यात बसून बोलून राहिला!" ते म्हणाले. "मले भेव लागते."

भूत झालेली रेवा, ही नाशिकची मुलगी, पाण्यात उभ्या उभ्या म्हणाली, "अहो, तुम्ही मला घाबरायचंय, त्यांना नाही!"

पुन्हा घेतलं. या वेळी ते घाबरले नाहीत, पण बोलताना एक हात कानाला गेला. गुन्ह्याची कबुली देणारा मालगुजार फोनवर बोलल्यासारखा दिसायला लागला. तिसऱ्यांदा तर शेवटी सवयीने "ठेवतो" म्हणाले. मॅडमनी जेवणाची सुट्टी दिली.

सगळे जेवायला मोहाच्या झाडाखाली गेले. मी माझ्या ट्रॉलीपाशी थांबलो. प्रत्येक टेकपुढे तो का खराब झाला हे मला लिहून द्यावं लागतं. शिवाय एक हिशेब करून पाहायचा होता. देवाजींची कुजबुज आणि भाऊंचं वाक्य यांच्यात नेमकं किती अंतर आहे? ते पुरेसं असेल तर एडिटर कुजबुज कापून टाकू शकेल, आणि देवाजी झुडपात बसले तरी बिघडणार नाही. आठवा टेक लावून मी पडद्यावर मोजलं. अंतर नव्हतंच. दर वाक्याला कुजबुजीचा शेवट भाऊंच्या पहिल्या अक्षरावर चढत होता. कापता येणार नव्हतं.

मोजून झालं तरी टेक चालूच राहिला होता. मी थांबवला नव्हता. आकडे बाजूला गेले आणि मी पहिल्यांदा नुसतं ऐकलं.

कुजबुज म्हणाली, "मीच तिले बलावलं..."

मालगुजार म्हणाला, "मीच तिले बलावलं तुडुमापाशी."

कुजबुज: "मीच ढकललं..."

"मीच ढकललं."

"अन् गावाले सांगतलं..."

"अन् गावाले सांगतलं, पाय घसरला तिचा."

भर दुपारी माझ्या हातावरचे केस उभे राहिले. ते प्रॉम्प्टिंग वाटतच नव्हतं. कोणीतरी त्या माणसाच्या तोंडात त्याचीच कबुली घालत होतं, एक एक वाक्य, आणि त्याला ती म्हणणं भाग पडत होतं.

रुपेश ताट घेऊन आला. मी काही न सांगता त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले. त्याने दोन वाक्यं ऐकली, हेडफोन काढले आणि मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"कोन बोलून राहिली ते?" त्याने विचारलं.

त्याने "कोण बोलतो" विचारलं नाही. "बोलून राहिली" म्हणाला. तेवढं मला पुरलं.

मी केतकी मॅडमकडे गेलो. त्या वांग्याची भाजी समोर ठेवून जेवत नव्हत्या.

"मॅडम, खराब टेक ऐकवायचा आहे."

"दादा, चांगला असेल तर ऐकवा."

"तेच कळत नाही, म्हणून आलो."

त्यांनी ऐकला. पुन्हा लावा म्हणाल्या. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडे ठेवले होते आणि त्या तुडुमाकडे बघत होत्या. मग मोठ्याने हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

"माझं भूत गप्प का आहे, हे मला गेले आठ महिने सगळे विचारताहेत," त्या म्हणाल्या. "ते गप्प नाहीच. ते प्रॉम्प्टर आहे!"

निखिलला बोलावलं. त्याला कल्पना आवडली, पण शंका होती. "बाईचं भूत आणि पुरुषाचा आवाज? लोक हसतील."

याचं उत्तर माझ्या धंद्यात आहे. आपण बोलतो तेव्हा घशातले स्वरतंतू थरथरतात. आवाज जाड की बारीक, बाईचा की पुरुषाचा, हे मुख्यतः त्यावरून ओळखू येतं. कुजबुजताना ते थरथरत नाहीत. नुसती हवा बाहेर येते. म्हणून कुजबुज कोणाची हे ओळखणं फार कठीण. मी निखिलला पाठ फिरवायला लावली. एकदा रेवा कुजबुजली, एकदा देवाजी. "पहिली रेवा," निखिल म्हणाला. पहिले देवाजी होते. देवाजी लाजले.

मग जागा ठरली. रेवाने तुडुमाच्या दगडी खांबाला पाठ लावून घोटाभर पाण्यात उभं राहायचं. खांबामागे देवाजी बसणार, म्हणजे भाऊंपासून नेहमीच्या विंगेइतक्याच अंतरावर. देवाजींच्या सदऱ्यात मी एक लेपल, म्हणजे कपड्यात लपवायचा बारकासा माइक, लावला. त्यांची कुजबुज वेगळ्या ट्रॅकवर येईल. रेवाला ती मागून ऐकू येणार, तिने फक्त ओठ हलवायचे. आवाज देवाजींचा, ओठ भुताचे, शब्द मालगुजाराचे.

सगळं जमलं, आणि देवाजी बिघडले.

तालमीत त्यांनी तोंड उघडलं तर कुजबुज नाहीच. खर्जातला, नाटकी, थरथरता आवाज. समोर माइक आहे हे कळल्याबरोबर त्यांच्यातला नट जागा झाला होता. मी म्हटलं, "देवाजी, नेहमीसारखं."

"नेहमीसारखं कसं जी? तीस वर्षं लोकायले आयकू जाऊ नये म्हून बोललो. आता तुमी म्हनता आयकू गेलं पायजे. दोन्ही एका तोंडानं कसं करू?"

जनार्दनभाऊ गुडघ्यांवरून उठले, खांबामागे गेले आणि देवाजींच्या सदऱ्याची गुंडी लावत म्हणाले, "देवा, नाटक मी करतो. तू नको करू. तू मले सांग फक्त. बाकी कोनाले नाई. मलेच सांग."

देवाजी म्हणाले, "बरं."

पाळीवर गाव पुन्हा बसलं होतं. खालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, थ्रेशर चालू होता. रुपेश तो बंद करायची विनंती करायला निघाला, तेवढ्यात मघाच्या, तोंडात पाणी धरणाऱ्या मावशी उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अरे ए, बंद कर ना बे ते! जनार्दनचं काम सुरू होऊन राहिलं!" थ्रेशर बंद झाला. इतक्या चांगल्या प्रॉडक्शन असिस्टंट मला मुंबईत मिळाल्या नाहीत.

"साउंड?" मॅडमनी विचारलं.

"रोलिंग."

"ॲक्शन."

भूत पाण्यात उभं होतं. ऊन तिच्या ओल्या केसांवर. मालगुजार गुडघ्यांवर आला. माझ्या एका कानात बदकं, दुसऱ्या कानात देवाजींचा श्वास. मग तिचे ओठ हलले.

"मीच तिले बलावलं..."

भाऊंचं तोंड उघडलं. आवाज उणे अठरावर आला, जिथे मी तो आठवडाभर मागत होतो. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यांना स्वतःलाच ती कुजबुज पुढे ऐकायची होती, म्हणून ते हळू बोलत होते. एक वाक्य तिचं, एक त्याचं. मधेच भाऊंनी मान हलवली, ओठ घट्ट मिटले, मला हे म्हणायचं नाही असे. तिने तेच वाक्य पुन्हा कुजबुजलं. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. प्रॉम्प्टरचा हा जुना नियम आहे, नटाने उचललं नाही तर पुन्हा द्यायचं. देवाजींनी दिलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा दिलं. आणि मालगुजाराच्या तोंडून ते फुटून बाहेर आलं, "मीच ढकललं!"

काटा शून्याला टेकला नाही. उणे तीन. मी बोट बटणावर ठेवून बसलो होतो, ते हलवावं लागलं नाही.

सीन संपला. मॅडम "कट" म्हणायच्या विसरल्या. पाळीवर कोणी हललं नाही. मला मागितल्याशिवाय पूर्ण मिनिटभर रूम टोन मिळाला, आणि तो मी रेकॉर्डही केला. मग मागच्या रांगेतून कोणीतरी मनापासून एक शिवी दिली, मालगुजाराला. दुसऱ्याने दिली. बायकांनी बोटं मोडायला सुरुवात केली. जनार्दनभाऊ तसेच गुडघ्यांवर बसून सगळीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलत चालला होता.

"वन्स मोअर!" कोणीतरी ओरडलं.

"घ्यायचाच आहे," मॅडम म्हणाल्या. "सेफ्टीसाठी."

निखिल एकीकडे जाऊन नागपूरला फोन लावत होता. मी हेडफोन काढला नव्हता आणि देवाजींचा माइक चालूच होता, म्हणून मला खांबामागचं बोलणं ऐकू आलं. भाऊ तिथे गेले होते.

"काहून बे, तिनदा काहून देलं? मी थांबलो होतो ॲक्टिंग म्हून."

"मले वाटलं विसरला."

"बरं केलं," भाऊ म्हणाले. "दुसऱ्या खेपेलेही तसंच दे."

चित्रपट पूर्ण झाला. गदारोळ होईल असं सगळ्यांना वाटत होतं, पण कोणी पडदा फाडला नाही. नागपूरला पहिल्या खेळाला आम्ही कोंढ्याकडच्या लोकांना दोन गाड्या करून नेलं. कबुलीच्या सीनला माझ्या बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. ती म्हणाली, "काय भयानक कुजबुजते हो ती बाई." मी म्हटलं, "तो देवाजी. आपल्याकडे चहा पिऊन गेला ना मागच्या रविवारी, तो." तिचा पुढचा अर्धा चित्रपट हसण्यात गेला.

श्रेयनामावलीवरून थोडा वाद झाला. मॅडमना देवाजींचं नाव "भुताचा आवाज" असं द्यायचं होतं. देवाजींनी साफ नकार दिला. मुलीसाठी स्थळं पाहणं चालू होतं, आणि बापाच्या नावापुढे भूत नको होतं. शेवटी "प्रॉम्प्टर" असं लिहिलं. प्रॉम्प्टरचं नाव पडद्यावर मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

जनार्दनभाऊ पुढच्या सीझनला परत नाटकांत गेले. आता पोस्टरवर त्यांचं नाव सगळ्यांत वर असतं. अडचण एकच झाली आहे. ज्या गावात जावं तिथे लोक पहिल्या अंकातच ओरडतात, "प्रॉम्प्टर दाखवा!" मग देवाजींना विंगेतून बाहेर येऊन नमस्कार करावा लागतो, आणि तेवढा वेळ भाऊ स्टेजवर गप्प उभे असतात.

मी त्यातून एवढंच शिकलो की टेक खराब आहे असं लिहिण्याआधी तो एकदा शेवटपर्यंत ऐकावा. यात जेवण थंड होतं. बाकी तोटा काही नाही.